दुसरी घंटी

“अक्का, आता पडून दाखवा,” तोताराम म्हणाला.

शेवंताबाई खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. तिने तोतारामकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं, भिंतीवर नव्याने ठोकलेल्या पांढऱ्या बटणाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “कुठी पडू?”

“इथीच. खोटं खोटं. पडल्या की हे बटन दाबा. शेजारी बेबावहिनीच्या चुलीवर घंटी वाजीन.”

“आन् मोरीत पडली तं?”

“मोरीत बी लावू एक.”

“आन् ओट्यावर? मांगच्या दारी? गोठ्यात? तोताराम, मी कुठी पडनार हाये ते आंधी ठरवूनच घेऊ ना. तुले वायर बी कमी लागीन.”

तोतारामने पेचकस कानावर खोचला. असोद्यात आणि आसपासच्या मळ्यांत विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती, पण एकाही मोटारीने त्याला आजवर उलट उत्तर दिलं नव्हतं. त्याने मुकाट्याने मोरीशेजारी दुसरं बटण लावलं.

हे सगळं सुरू झालं ते पौषात. शेवंताबाई चौऱ्याहत्तर वर्षांची, घरात एकटी. नवरा जीवराम जाऊन वीस वर्षं झाली होती. केळीचा मळा पुतण्या नथ्थू अर्ध्या वाट्याने करत होता, मुलगी कुंदा यावलला दिलेली होती, मुलगा अभिमन धुळ्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. पौषातल्या एका दुपारी अंघोळ करून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मोरीतच आडवी झाली. डाव्या हाताचं मनगट मोडलं. दुपारी बारा वाजता पडली ती दिवेलागणीच्या आधी बेबाबाई दूध द्यायला आली तेव्हा सापडली. बेबाबाई शेजारची, भिंतीला भिंत लागून. पाच तास ती बाई भिंतीपलीकडे होती आणि तिला काही म्हणता काही कळलं नाही. त्याचं बेबाबाईने इतकं मनाला लावून घेतलं, की प्लास्टर निघेपर्यंत दोन्ही वेळची भाकर तिच्याकडूनच आली.

अभिमनने मात्र वेगळा धडा घेतला. तो आला, प्लास्टरकडे पाहिलं, खुर्ची ओढून बसला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाला, “माय, आता एकटं राहणं पुरे. आखाजीपर्यंत मुदत. तोवर तू काही पक्की सोय केलीस, पडल्याबरोबर कुणाला तरी कळेल अशी, तर ठीक. नाहीतर आखाजी झाली की धुळ्याला चलायचं.”

शेवंताबाईला धुळ्याचं वावडं नव्हतं. सूनही भली होती. सुनंदाबाई मूळची शिंदखेड्याकडची. तिची बोली ऐकून शेवंताबाई पहिली दोन वर्षं नुसती मान डोलवायची. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोक्यावर बसायला, चार दिवस कुणाच्या सासूचं न ऐकायला येतात. घराला कुलूप लागलं तर कुंदा यायची कुठे? आईसकट माहेर कुणी टेम्पोत भरून नेत नाही. आणि आखाजीला पितरांच्या नावाने भरतात ती जीवरामची घागर याच घरात भरली जायची. धुळ्याच्या क्वार्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर जीवराम जिने चढून पाणी प्यायला येईल, यावर तिचा विश्वास नव्हता.

म्हणून मग सोय शोधायला सुरुवात झाली. पहिली सोय अभिमननेच सुचवली. त्याच्या साहेबाचा जावई अमेरिकेत होता, तिकडे म्हणे म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात बटण बांधतात. दाबलं की फोनवरून दवाखान्यात कळतं. शेवंताबाईने सगळं ऐकून घेतलं. “गाईच्या गयात घंटी बांधतात तसं? आन् फोन कुठी हाये आपल्याकडे?” फोन गावात दोन होते, एक ग्रामपंचायतीत, एक सोसायटीत, आणि दोन्ही कुलपात. बटण अमेरिकेतच राहिलं.

मग अभिमनच्या ओळखीच्या एका पी.टी.च्या मास्तरांनी शिट्टी दिली. शेवंताबाईचं घर एस.टी. गाडीच्या थांब्याला लागून. पहिल्याच सकाळी तिने ओट्यावर बसून शिट्टी फुंकून पाहिली. तिकडे थांब्यावर ड्रायव्हर गाडी वळवायला बसला होता. कंडक्टर शिट्टी देतो तशी शिट्टी ऐकून त्याने इमानाने गाडी मागे घेतली, आणि पारावर बसलेली चार माणसं चहाचे कप घेऊन पळाली. कुणाला काही लागलं नाही. पण कंडक्टर स्वतः घरी येऊन हात जोडून गेला.

त्यानंतर कुंदाने यावलहून निरोप धाडला की शिट्टी-बिट्टी जाऊ दे, उशाशी काशाची थाळी अन् पळी ठेव. बरं वाटलं. घरची वस्तू, शिकायला नको. शेवंताबाईने थाळी वाजवली मात्र, अर्ध्या घटकेत गल्लीतल्या सात-आठ बाया बेबाबाईच्या दारात जमा झाल्या. एकीच्या हातात तर साखरेची वाटी होती. गावात अवेळी थाळी वाजली की मुलगा झाला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आणि बेबाबाईची सून सातव्या महिन्यात होती. ती बिचारी ओट्यावर तूर निवडत बसली होती, बाया तिच्या पोटाकडे पाहून विचारात पडल्या. साखर आणलीच आहे म्हणून सगळ्यांनी चहा करून पिऊन टाकली. शेवंताबाईकडे कुणी फिरकलंही नाही.

तेव्हा अभिमनने तोतारामला गाठलं आणि विजेची घंटी ठरली.

ती दोनच दिवस नीट वाजली. तिसऱ्या दिवशी लाईट गेली ती चार वाजता आली. तोताराम जीभ चावून परत आला आणि त्याने घंटी टॉर्चच्या चार सेलवर घेतली. आता लाईट असो नसो, बटण दाबलं की भिंतीपलीकडे बेबाबाईच्या चुलीवर अशी घंटी कडाडायची की तिचं मांजर माळ्यावर जायचं. तोताराम समाधानाने घरी गेला. अभिमनला पत्र गेलं. खरं तर इथेच सगळं संपायला हवं होतं.

पण शेवंताबाईला आतून ठाऊक होतं की ती घंटी काही कामाची नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

चैत्र नुकताच लागला होता. दुपारी बेबाबाई गव्हाचं सूप घेऊन तिच्याकडे निवडायला बसली. खडे बाजूला टाकता टाकता सहज म्हणाली, “घंटी तं झाक केली तोतारामनं. पन अक्का, खरीच पडायची येय आली तं वाजवसान ना?”

शेवंताबाई गव्हात बोटं फिरवत राहिली.

“अक्का?”

“नही वाजवनार.”

बेबाबाईचे हात थांबले.

“तुले एक सांगते,” शेवंताबाई म्हणाली. “कोनाजवळ बोलशी नको. त्या दिवशी मी पडली ना मोरीत, तव्हा नथ्थू आल्ता. दारात उभा राहून हाका मारल्या त्यानं. काकू, काकू म्हने. तीनदा मारल्या.”

“मंग?”

“मंग काय. आंगावर धड लुगडं नही. मी तोंडावर हात ठेवला. दम धरून पडून राह्यली. त्याले वाटलं, काकू मंदिरात गेली. गेला निंघून.”

बेबाबाईने सूप खाली ठेवलं. पौषातल्या त्या थंडीत, मोडलेल्या हातावर, ओल्या फरशीवर ही बाई आणखी चार तास पडून राहिली होती, आणि मदत दारापर्यंत येऊन परत गेली होती, कारण तिनेच श्वास कोंडून तिला परत पाठवलं होतं. बेबाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला. पण ती रागावली नाही, कारण त्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“घंटी वाजली की कोन येईन?” शेवंताबाई पुढे म्हणाली. “तू येशी. पन तू येकटी येशी का? तुहा नवरा येईन, पोरगा येईन, रस्त्याचा कोनी येईन. माह्यं बोट त्या बटनावर जायाचंच नही, बेबा. मले माहा सोभाव ठाऊक हाये.”

दोघी पुन्हा गहू निवडू लागल्या. बाहेर नथ्थूची बैलगाडी केळीची पानं घेऊन गेली. दूर मळ्यात कुणाची तरी मोटर चालू होती. तिचा एकसुरी आवाज सारखा येत होता, इतका सारखा की दोघींनाही तो ऐकू येत नव्हता. आणि मग लाईट गेली. मोटर थांबली. दोघींनीही एकदम मान वर केली.

शेवंताबाई हसायला लागली.

बेबाबाईला कळेना की या बाईला आता झालं काय.

“आपन मान काहून वर केली?” शेवंताबाईने विचारलं. “सांग बरं. मोटर थांबली म्हनून. मी वीस वर्सं मळ्यात विहिरीच्या काठी झोपली यांच्याबरोबर. उशाशी मोटर धडधडे. तिच्यानं कधी जाग आली नही. पन थांबली, की दोघं बी टन्नदिशी उठून बसू. पानी तुटलं, केय वाळनार. आवाज होता तव्हर झोप, आवाज गेला की जाग.” तिने बेबाबाईचा हात धरला. “मी पडल्यावर घंटी वाजवायची नही, बेबा. मी धड हाये तव्हर वाजवायची. नही वाजली की तू ये.”

दुसऱ्या दिवशी तोतारामला बोलावणं गेलं. त्याने सगळं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“म्हंजे घंटी वाजली तं बसून राह्यचं आन् नही वाजली तं पयायचं? अक्का, हे उलटं झालं.”

“तू मोटर चालू असली की पयतो का बंद पडली की?”

तोतारामला पटलं. त्याचा सगळा धंदाच बंद पडलेल्या मोटारींवर चालला होता. तो म्हणाला, “सेल महिन्यानं बदलून जाईन मी.” एवढं बोलून त्याने पेचकस काढला.

नियम असे ठरले. सकाळी उठली की एक घंटी. दिवेलागणीला एक. आणि अंघोळीच्या दोन: आत जाताना पहिली, लुगडं नेसून बाहेर आली की दुसरी. पहिली वाजली की बेबाबाईने तव्यावर भाकर टाकायची. घड्याळ बेबाबाईकडे नव्हतं, पण कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, चार भाकरी व्हायला लागतो त्याहून जास्त वेळ शेवंताबाईला अंघोळीला कधी लागत नसे. चौथी भाकर उतरली आणि दुसरी घंटी नाही, तर बेबाबाईने उठायचं. तिने एकटीने. बाकी कुणी नाही.

राहिली दाराची कडी. शेवंताबाई मोरी होती त्या मागच्या खोलीची कडी घातल्याशिवाय आयुष्यात कधी न्हाली नव्हती. घरात एकटी असली तरी कडी, भर दुपारी कडी. पौषात बेबाबाईने ती धक्के मारून उखडली होती, मग पुन्हा ठोकून घेतली होती. कडी घातली तर बेबाबाई आत येणार कशी? “घालत जाऊ नका,” तोताराम म्हणाला. शेवंताबाईने मान हलवली. आपला हात आपल्या कह्यात नाही, हे तिला माहीत होतं. “काढूनच टाक,” ती म्हणाली. तोतारामने कडीचे चार खिळे उपसले आणि कडी तिच्या हातात दिली. तिने ती डाळीच्या डब्यात खोल घालून ठेवली. पहिले चार दिवस न्हाताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सारखं दाराकडे लक्ष. पाचव्या दिवशी ती विसरली.

आठव्या दिवशी मात्र दुसरी घंटीच विसरली. बाहेर आली तर दूध उतू जात होतं. ते उतरवलं, चहा टाकला, बशीत ओतला. तोच दार ढकलून बेबाबाई आत. हातात उलथनं, पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक.

शेवंताबाईने बशी खाली ठेवली. “व माय.”

“व माय काय? तिकडे माही भाकर जयली!”

ती जळकी भाकर बेबाबाईने त्याच पावली परत जाऊन आणली आणि शेवंताबाईपुढे ठेवली. शेवंताबाईने ती सगळी खाल्ली, एक चतकोरसुद्धा उरवली नाही. त्या दिवसापासून ती कधी विसरली नाही. पण तिला मनातून किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू. पाच तास कुणाला न कळलेली बाई ती. आता चार भाकरींत कळत होती.

तिने नथ्थूच्या पोरीकडून अभिमनला सविस्तर पत्र लिहवून घेतलं. उत्तर कार्डावर आलं, दोन ओळींचं: घंटी वाजली नाही तर धावायचं, हे कुठलं शास्त्र? आखाजीला येतो, टेम्पो सांगितला आहे.

आखाजीच्या आदल्या दिवशी घर भरलं. कुंदा आली, तिची दोन पोरं आली, अभिमन आणि सुनंदाबाई आली. दारातल्या लिंबाला झोका बांधला. अभिमनने माजघरात उभं राहून कुठली कोठी न्यायची, कुठली ठेवायची हे बोटाने दाखवायला सुरुवात केली.

“आत्याबाई, तुमनी खोली बठ्ठी तयार शे,” सुनंदाबाई हळूच म्हणाली. “खिडकीबी शे तिले.”

“सुनंदा, तू गुणाची हाये,” शेवंताबाई म्हणाली. तेवढंच म्हणाली.

रात्री जेवताना अभिमनने घंटीचा विषय काढला. चेष्टाच करत होता. “माय, तिकडे आम्ही घरातच आहोत ना. भिंतीपलीकडे नाही, घरात. हाक मारलीस की हजर. याहून पक्की सोय कोणती?” कुंदाने आईकडे पाहिलं. आईने ताटातली पोळी मोडली. काय सांगणार होती ती? अंगावर लुगडं नसताना हाक तोंडातून निघत नाही, हे मुलाला कसं सांगायचं? सांगितलं तर तो समजूत घालणार, आणि समजुतीने स्वभाव बदलत नसतो.

आखाजीची सकाळ उजाडली. झोक्यावर पोरींचा कालवा, चुलीवर पुरण, कुणाचा तरी रेडिओ. अभिमन माजघरात खुर्चीवर पेपर घेऊन बसला होता. घागर मांडायची होती, पण आई न्हाऊन आल्याशिवाय पूजेचं सामान निघत नव्हतं. शेवंताबाईने मागच्या खोलीत जाता जाता पहिली घंटी दाबली.

“आज कशाले, माय?” कुंदा चुलीपासून म्हणाली. “घर भरेल हाये.”

“बेबा वाट पाहीन,” शेवंताबाई म्हणाली आणि तिने दार लोटलं.

न्हाणं झालं. उठायला तिने भिंतीला हात लावला आणि तीच ती पौषातली अंधारी आली. गुडघा वाकला. ती सावकाश, बसल्यासारखी खाली आली आणि मग कुशीवर कलंडली. डावा पाय खाली दबला. हाड मोडलं नव्हतं, पण पाय निघेना आणि जोर करायला गेलं की डोकं गरगरायचं. लुगडं खुंटीवर, हाताच्या वर दीड हात.

दाराच्या पलीकडे मुलगा होता. पेपरचं पान उलटल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. टेम्पोवाला चार वाजता येतो की पाच वाजता, हे तो कुंदाच्या नवऱ्याला सांगत होता. एक हाक मारायची होती. अभिमन, एवढंच. तिने तोंड उघडलं आणि ते तिच्या हातून झालं नाही. ज्याला न्हाऊ-माखू घातलं त्या लेकरापुढे अशी उघडी पडायची? पन्नाशीचा माणूस तो. चुलीपाशी बसलेल्या कुंदाला बोलवायचं तरी त्याला ओलांडूनच आवाज जाणार. आधी तोच उठणार, तोच दार ढकलणार.

पण या वेळी ती घाबरली नाही. तोंडावर हातही ठेवला नाही. ओल्या फरशीवर गाल टेकून ती नुसती वाट पाहत राहिली, पाहुणी यायची ठरलेली असते तशी.

भिंतीपलीकडे आज भाकरी नव्हत्या, मांडे होते. खापरावर एक मांडा व्हायला भाकरीहून वेळ लागतो. बेबाबाईने सकाळीच मनाशी हिशोब केला होता की आज दोन मांड्यांवर मोजायचं. दुसरा मांडा उतरला. तिने कान दिला. तिसरा हातावर घेतला होता, लांबवून कोपरापर्यंत आला होता, तो तसाच परातीत टाकला आणि ती उठली.

ती पुढच्या दाराने आली. दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेने माखलेले. झोक्यावरच्या पोरी गप्प झाल्या. माजघरातून ती सरळ मागे निघाली तेव्हा अभिमन पेपर खाली करून अर्धवट उठला.

“काय झालं, वहिनी?”

“दुसरी नही वाजली,” बेबाबाई म्हणाली. “तुमी बसा.” आणि तिने आत जाऊन दार लोटून घेतलं.

अभिमन बसला नाही. पण पुढेही गेला नाही. हातात पेपर घेऊन तो मिटलेल्या दाराकडे बघत उभा राहिला.

आत बेबाबाईने पहिल्यांदा खुंटीवरचं लुगडं काढून शेवंताबाईच्या अंगावर टाकलं. मग पाय सोडवला, काखेत हात घालून तिला बसवलं, अंग पुसलं, लुगडं नेसवलं, निऱ्या नीट केल्या, डोक्यावर पदर दिला. सगळ्या लुगड्याला कणीक लागली. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी शेवंताबाई भिंतीला टेकून नीट बसली, केस मागे सारले आणि म्हणाली, “दाब आता.”

बेबाबाईने दुसरी घंटी दाबली. पलीकडच्या रिकाम्या स्वयंपाकघरात ती कडाडली. मग बेबाबाईने दार उघडलं. “या आता, अभिमनभाऊ. अक्काले खाटेवर न्यायचं हाये.”

थांब्यापलीकडचे डॉक्टर सणाचं जेवण सोडून आले. हाड शाबूत होतं, गुडघा मुरगळला होता. तिची रोजची रक्तदाबाची गोळी जास्त होतेय, अंधारी त्यानेच येते म्हणाले, गोळी निम्मी केली. ते गेल्यावर अभिमन खाटेच्या कडेला बसला. त्याचा कचेरीतला आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“माय, मी इथंच व्हतो. धा पावलांवर. एक हाक काहून नही मारली?”

कितीतरी वर्षांनी तो घरच्या बोलीत बोलला होता. शेवंताबाईने त्याच्याकडे पाहिलं.

“तू व्हता म्हनूनच नही मारली.”

त्याला आधी कळलं नाही. मग त्याने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आईच्या लुगड्यावरच्या कणकेच्या बोटांकडे पाहिलं, आणि त्याची मान हळूहळू खाली गेली.

“पौषात नथ्थू म्हणे दारात येऊन गेला होता,” तो म्हणाला. “हाका मारल्या म्हणत होता.”

“मारल्या व्हत्या.”

“आणि तू ऐकल्या होत्यास.”

“तिन्ही.”

अभिमनने आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग उठला, चपला घातल्या आणि थांब्यावर जाऊन टेम्पोवाल्याला सांगून आला की येऊ नको. आल्यावर त्याने हात-पाय धुतले आणि घागर मांडली. बेबाबाईच्या घरून मांडे आले. तिसरा बिघडलेला मांडाही आला. तो कोणी खायचा यावरून कुंदाची पोरं भांडली. शेवंताबाई खाटेवर बसून सगळ्यांना वाढा वाढा म्हणत होती. गुडघा ठणकत होता आणि तिला जिंकल्यासारखं वाटत होतं. तिने ते लपवलंही नाही. गल्लीतल्या बाया विचारपूस करायला आल्या, त्यांना तिने घंटीचं सगळं शास्त्र पहिल्यापासून समजावून सांगितलं, आणि तोताराम आला तेव्हा त्याच्यापुढे आमरसाची दुसरी वाटी सरकवली. आठवड्यात गल्लीतल्या आणखी तिघींच्या घरी वायर गेली.

आखाजीनंतर चौथ्या दिवशी अभिमन आणि सुनंदाबाई धुळ्याला निघाली. शेवंताबाई लंगडत दारापर्यंत आली. मुलगा पाया पडला, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हात तसाच ठेवून विचारलं, “तुमच्या शेजारी कोन राह्यते रे?”

“शेजारी? बँकेतले कुणी होते. नाही, त्यांची बदली झाली. आता कुणीतरी नवीन आहेत.”

“नाव काय बाईचं?”

अभिमनने सुनंदाबाईकडे पाहिलं. सुनंदाबाई पिशवीचा बंद नीट करू लागली. “त्यासनं दार बंदच ऱ्हास, आत्याबाई,” ती म्हणाली.

शेवंताबाई आत गेली. बराच वेळ डबे वाजत राहिले. ती आली तेव्हा तिच्या हातात यंदाच्या बिबड्यांची, ज्वारीच्या पापडांची, फडक्यात बांधलेली चळत होती. सुनंदाबाईने हात पुढे केला, पण शेवंताबाईने चळत मुलाच्या हातात दिली.

“हे तुमच्यासाठी नही. त्या बाईले द्या. आन् देन्याच्या आंधी तिचं नाव इचार.”

गाडी लागली होती. दोघं चढली. अभिमन बावन्न वर्षांचा होता, गेल्या वर्षीपासून त्यालाही रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. खिडकीशी बसून त्याने बॅग सुनंदाबाईकडे दिली आणि बिबडे मोडू नयेत म्हणून चळत मांडीवर दोन्ही हातांनी धरली. शेवंताबाई चौकटीला हात न लावता दारात उभी होती. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर ती आत गेली.